शून्य म्हणजे काठोकाठ

कचेरीत तिला सगळे आकडेबाई म्हणत, तेही तोंडावर. तळमजल्यावरची ओल धरलेली खोली आणि दिवसभर खुर्चीला चिकटलेली ही बाई. मोजणीवाला गावोगावच्या विहिरींत फीत सोडून पाणी जमिनीपासून किती खाली गेलं ते मोजायचा, कागद तिच्या टेबलावर आपटायचा. ती ते आकडे कॉम्प्युटरात भरायची.

आधीची सगळी नोकरी तिनं धरणाच्या कचेरीत काढलेली. तिथं पाण्याची उंची भरायची. शून्य म्हणजे ठणठणाट. इथं बदली झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात आकड्याच्या जागी 'कोरडी' असं लिहून येऊ लागलं. कॉम्प्युटर अक्षर घेईना, जागा रिकामी सोडू देईना. तिनं सवयीनं शून्य ठोकलं. हात चालतोय तोवर डोकं कोण शिणवतंय!

यंत्रानं ते आपल्या परीनं वाचलं. पाणी जमिनीपासून शून्य खाली, म्हणजे विहीर काठोकाठ.

मग भावाचा फोन आला. "ताई, आमचा टँकर बंद केला गं. म्हणे तुमच्याकडं पाणी उतू चाललंय. कुठल्या गाढवानं सांगितलं हे?"

"बघते रे," ती म्हणाली आणि कामाच्या रगाड्यात विसरली.

पुढचा फोन आला तो आईचा खुबा मोडल्याचा. म्हातारी घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरली होती, तळातला गढूळ गाळ खरवडायला. पाय सटकला. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड जुळत नाही. आता खाट.

दवाखान्यातून परतल्यावर तिनं, तिच्या आकड्यांवरून रंगणारा आणि टँकर ठरवणारा नकाशा पहिल्यांदा उघडून पाहिला. थोडंफार पाणी असलेली गावं पिवळी, आणि कोरडी पडलेली, तिच्या माहेरासह, निळीशार. तिनं मोजणीवाल्याला हाक मारली.

तो वाकला. "शून्य? अहो बाई, म्हणजे काठावर बसून चूळ भरावी! कुठल्या शहाण्यानं भरलं?"

तिनं स्वतःकडं बोट दाखवलं. त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

ती वर साहेबांकडं गेली. साहेबांनी दार लोटून घेतलं. "नकाशा वरच्या कचेरीत गेलाय. पाऊस पडला की आपोआप जुळेल सगळं. दुरुस्ती करायची तर नाव घालावं लागतं, कारण घालावं लागतं. पेन्शन तोंडावर आलीय ना तुमची? मग गप बसा की."

"पाऊस पडेपर्यंत लोकांनी काय प्यायचं?"

साहेबांनी पुढची फाईल ओढली.

ती खाली आली. मोजणीवाला एकेका विहिरीच्या तळाची खोली सांगत गेला, ती शून्य खोडून ती खोली भरत गेली. प्रत्येक दुरुस्तीपुढं स्वतःचं नाव आणि एकच कारण: भरणारीची चूक. निळी गावं लाल झाली. टँकर सुरू झाला. तिच्या हातात निलंबनाचा कागद पडला.

ती माहेरी गेली. भाऊ आईच्या तोंडाला तांब्या लावत होता.

"कळलं का गं, कोण होता तो गाढव?"

"मीच."

तो तांब्या खाली ठेवून बाहेर गेला.

ती तिथंच राहिली, आईचं हागणं-मुतणं काढत. आईनं पाणी मागितलं की भाऊ ओट्यावरून बायकोला हाक मारायचा. ही तिथंच उशाशी बसलेली असायची, तांब्या हाताशी असायचा, तरीही.