तीन सामन्यांत चार गुण

आकड्यांवर माझा फार विश्वास. खेळाच्या शिक्षिकेला हे शोभत नाही, पण मी तशीच आहे. शिट्टीपेक्षा मला माझी वही प्रिय. पोलादपूरच्या आमच्या शाळेत बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान झालं, त्या हिवाळ्यात तीन प्रदर्शनीय सामने ठेवले, एक आमच्याकडे आणि दोन महाडला. कुणाचे गुण किती, फाऊल किती, सगळं मी स्वतः लिहीत होते. मुलींच्या हातात बॉल येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, एवढ्यावरून कुणाची पारख करायची नसते, हे मला कळत होतं. तरी लिहीत होते, आणि लिहिलेलं खरं मानत होते.

उमरठकडच्या एका वाडीवरून येणारी दहावीतली एक मुलगी त्या संघात होती. उंच, लांब हातांची, अबोल. तीन सामन्यांत तिचे गुण चार. बॉल हातात आला की लगेच दुसरीकडे; समोर मोकळं रान असलं तरी ही बास्केटकडे बघायची नाही. मी बाहेरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेवटी तिसऱ्या सामन्यात मध्यांतरानंतर तिला बाकावर बसवून ठेवलं. घाबरट आहे, असं ठरवून मी मोकळी झाले.

जिल्ह्याबाहेरच्या एका निवासी क्रीडा केंद्राने अर्ज मागवले होते. निवड झाली तर अकरावी-बारावी तिथेच, राहणं-जेवण फुकट. त्यांना प्रत्येकीचे गुण हवे होते आणि शिक्षकांचा शेरा. तिच्या अर्जावर मी लिहिलं, 'आक्रमकता नाही. शिफारस करता येत नाही.' त्याला मला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

दहावी झाली. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला ती आलीच नाही, म्हणून जुलैत मीच तो घेऊन वाडीवर गेले. भातलावणी चालू होती. खाचरात बायका ओळीने वाकलेल्या, आणि ही बांधावर रोपांच्या मुठींचा ढीग घेऊन उभी. एखादीच्या हातातली मूठ संपत आली की ही पुढची फेकायची, आणि ती बरोबर त्या बाईच्या हाताशी पडायची. एकीलाही मान वर करावी लागत नव्हती. तिची आई म्हणाली, सातवीपासून हे काम हिच्याकडेच. ही बांधावर असली की लावणी कशी झरझर होते.

मी छत्री धरून तिथेच उभी राहिले. आमच्या बहुतेक बास्केट ज्या दोघींच्या नावावर होत्या, त्यांना धावता धावता नेमका हाताशी बॉल कोण देत होतं? हिला बसवल्यानंतर त्या दोघींना मिळून एकच बास्केट जमली होती, आणि त्या दमल्या म्हणून मी त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजलं होतं. बॉल देणारीसाठी वहीत रकाना नव्हता. नसू दे, मला डोळे तर होते. वीस वर्षं मैदानावर काढून मी ढ ती ढच राहिले.

मग आईने सांगितलं, ते ऐकून तर मला तोंड लपवावंसं वाटलं. वडील आणि दोन भाऊ मुंबईला एका खोलीत राहतात, बाहेरचं खाऊन कंटाळलेत. केंद्रात घेतली तर शिकू दे, नाही तर जेवण करायला इकडे पाठव, असं वडिलांनी अर्ज भरला तेव्हाच फोनवर ठरवून टाकलं होतं. येत्या रविवारी ती जाणार होती. केंद्राचे प्रवेश कधीच बंद झाले होते, आणि पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती.

ती पाय धुऊन आली, हात ओढणीला पुसून तिने दाखला घेतला. मी तिला सगळं सांगितलं. संघात सगळ्यात चांगली तूच होतीस, चूक माझी आहे, तू जाऊ नकोस, महाडला माझ्या घरी राहून अकरावी कर, वडिलांशी मी बोलते.

"बाई, तुमी माझं मन राखायला बोलताय," ती म्हणाली. "वहीतलं मी बगितलंय. तुमी वहीत कदी खोटं लिवत नाय."

खोटं नव्हतंच. एकही आकडा चुकलेला नव्हता, तरी माझा शेरा चुकला होता, हे तिला कसं समजावावं ते मला कळेना. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. शेवटी मला वाईट वाटू नये म्हणून तिने पटल्यासारखी मान हलवली, आणि रविवारच्या एसटीने ती मुंबईला गेली.