मोहाच्या झाडाला बांधलेली तार

देवरीला आमचं घर वस्तीच्या अगदी कडेला आहे. मागच्या दारातून बाहेर पडलं की शेजारच्या काकूंची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, लागते आणि तिच्या धुऱ्याच्या उंचवट्यावर एक जुनं मोहाचं झाड. मी घरीच शिवणकाम करते. नवऱ्याचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. मुलगी नागपूरला नोकरीला लागली आणि घर एकदम गप्प झालं. तिलाही ते जाणवलं असावं. एक दिवस तिनं ऑनलाइन मागवलेलं पार्सल दारात आलं. आत हाताच्या पंजाएवढा रेडिओ होता.

"तू सांगतेस ना, लहानपणी परदेशातली स्टेशनं लावायचीस म्हणून," ती फोनवर म्हणाली. "लाव आता."

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. सौंदडच्या आमच्या क्वार्टरमध्ये त्यांचा रेडिओ होता आणि त्याची सुई फिरवायचं काम माझं. खरखरीतून अचानक अनोळखी भाषेतला माणूस बोलायला लागला की वडील हात वर करून मला थांबवायचे. कळत काही नसे, तरी आम्ही दोघं ऐकत बसायचो. लग्नानंतर ते सगळं सुटलं होतं.

नव्या रेडिओवर सुरुवातीला फक्त खरखर आली. मग मोबाईलवर शोधताना हा छंद असलेल्या लोकांचा एक ग्रुप सापडला. कोणी बंगालचे, कोणी केरळचे, बहुतेक सगळे रिटायर्ड पुरुष. त्यांनी सांगितलं, शॉर्टवेव्हला बाहेर लांब तार बांधा, घरातला वायफायचा डबा बंद करा. शिलाई मशीनची मोटर सुरू केली की रेडिओ नुसता भणभण करायचा, म्हणून मी ती काढून ठेवली आणि पुन्हा पायाने मशीन चालवायला लागले.

तार बांधायची तर मोहाच्या झाडाइतकं उंच काही नव्हतं. मी काकूंना विचारलं.

"बांध ना," त्या म्हणाल्या. "झाडाले काय होते?"

नवऱ्यानंच शिडी लावून तार बांधून दिली. बांधताना कुरकुर चालूच होती. "मोबाईलवर साऱ्या दुनियेची गाणी आयकू येतात. हे कायले आयकून राहिली तू?"

 मोबाईलवर मी जे मागते तेच येतं. इथे संध्याकाळी, ऊन उतरताना, काय येईल ते मला ठाऊक नसायचं. कधी चीन, कधी व्हिएतनाम, कधी रोमानियातली हसत बोलणारी बाई. आवाज लाटेसारखा वर यायचा आणि बुडायचा. काज-बटणं करत मी ऐकत राहायचे. कोणतं स्टेशन किती स्पष्ट आलं हे त्यांना ईमेलवर कळवलं की पोचपावती म्हणून ते छापील कार्ड पाठवायचे, तिथल्या डोंगराचं नाहीतर पुलाचं चित्र असलेलं. परदेशी तिकिटं लावलेली ती कार्डं पोस्टमन हातात देताना उलटून पालटून बघायचा. मला त्याची गंमत वाटायची.

पुढे एका दुपारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. आमचं छत, तिथून निघालेली तार आणि मोहाचं झाड. खाली एवढंच लिहिलं होतं, "हे काय आहे?" कोणीतरी उत्तर दिलं, वायरलेस. दुसऱ्यानं लिहिलं, हिला बाहेर देशातून कागद येतात. मी घाईघाईनं लिहिलं की हा साधा रेडिओ आहे, कोणीही येऊन बघा. कोणी आलं नाही. फोटो मात्र दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्या.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं आणि शिवायला टाकलेले ब्लाऊजपीस परत मागायला लागलं. "घाई नाही हो आता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी कापड बेतून ठेवलं होतं. तसंच घडी घालून दिलं. मग आणखी दोघी आल्या.

पोलीस साध्या कपड्यात आले. दोघंच होते, बोलायला नीट होते. एकानं रेडिओ हातात घेऊन फिरवून बघितला.

"मॅडम, इसमें बोलने का बटन किधर है?"

"नाहीच आहे, साहेब. फक्त ऐकायचा आहे."

"और ये तार?"

"आवाज स्वच्छ यावा म्हणून."

त्यानं कार्डं बघितली, मोबाईलवर फोटो काढले. तपासून परत देतो म्हणाला आणि रेडिओ घेऊन गेला. गेटाबाहेर बायका उभ्या होत्या. मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात खाली बसले. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती. काहीच न करता इतकी लाज का वाटावी, हे मला आजही सांगता येत नाही.

नवरा दुकानातून लवकर आला. "दुकानावर लोक मले विचारून राहिले," तो म्हणाला. "मी काय सांगू? माही बायको चीन आयकते म्हनून सांगू?" मग जेवायलाही बसला नाही.

काही दिवसांनी पोलिसांनीच बोलावून रेडिओ परत दिला. काही आक्षेपार्ह नाही म्हणाले. मला वाटलं, संपलं. घरी आले आणि कपडे वाळत घालायला मागच्या दारी गेले, तर काकू झाडाखाली उभ्या होत्या. तार कापून खाली पाडलेली होती आणि त्या हातावर गुंडाळत होत्या.

फोटोही यांनीच काढायला लावला असणार, असं क्षणात माझ्या मनात आलं. मी ओरडलेच. "काकू, तुम्हीच बांधू दिली ना? मग आता काऊन कापली? पोलिसांनी रेडिओ परत दिला!"

"पोलिसायले कोन भेते?" त्या तार गुंडाळतच म्हणाल्या.

मग त्या धुऱ्यावर बसल्या. मीही बसले. त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांच्या शेजारात मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे यजमान जंगलखात्यात मजुरी करायचे, एवढंच मला माहीत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते अंगणात बसलेले दिसायचे. एक हात कोपरातून वाकडा होता. पडले असतील, असं मी धरून चालले होते.

"तवा आमी जंगलातल्या गावात राहत होतो," काकू म्हणाल्या. "एक डाव साहेबाची जीप आमच्या दारात थांबली. पानी मांगतलन. आमच्या बुढ्यानं पानी देल्लन, बस. गावात कोनीतरी म्हनलं, हा पोलिसायले खबर देते. मंग जंगलातले बंदूकवाले आले, त्याले घेऊन गेले. परत आला तं हात मोडला होता. जित्ता सोडला त्याइनं, तेच लय झालं. त्याच्यानंतर आमी इकडं आलो."

मी म्हटलं, "आता ते दिवस गेले, काकू."

"सारे म्हनतात गेले. मी कायी खोटं नाही म्हनत." त्यांनी गुंडाळलेली तार माझ्या मांडीवर ठेवली. "तू आयक तुहा रेडिओ. पन माह्या झाडाचा फोटो लोकाइच्या मोबाईलात फिरून राहिला ना, मले झोप नाही लागत."

 छतावरचं उरलेलं टोकही मी नवऱ्याला काढायला सांगितलं. फोटो कोणी काढला ते मला कधीच कळलं नाही आणि मी शोधलंही नाही.

आता मी खिडकीशी बसून रेडिओचीच दांडी लांब करून ऐकते. फार येत नाही. शेजारच्या इन्व्हर्टरची आणि रस्त्यावरच्या नव्या दिव्यांची गुणगुण सगळीकडे पसरलेली असते. ग्रुपवरचे लोक म्हणतात, एकेक स्टेशनही बंद होत चाललंय.

गेल्या हिवाळ्यात काकू पोलकं आल्टर करायला घेऊन आल्या. कुठलीशी बाई गात होती. त्या दाराशी बसून थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"हे लोक कुठी बसून राहिले?"

"लय दूर. समुद्रापलीकडे."

"त्याइले मालूम हाये का, तू आयकून राहिली म्हनून?"

"नाही. मी लिहून कळवलं तरच कळतं."

काकूंनी पोलकं माझ्यापुढे सरकवलं. "मंग नोको सांगू," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. तोवर मी ठरवलं नव्हतं, पण त्यानंतर एकाही स्टेशनला मी लिहिलेलं नाही. कधी एखादा आवाज अगदी स्वच्छ येतो, निवेदक पत्ता सांगतो, आम्हाला जरूर कळवा म्हणतो. मी हातातली सुई थांबवते, पत्ता पूर्ण ऐकते आणि पुन्हा टाके घालायला लागते.