फुटबॉलवर गेलेला ऑपरेटर

अकरा ओळींत मी एक माणूस मारणार होतो.

ज्यांनी तो वाचवला, त्या वनिता मॅडम आज सकाळी बारामतीत वारल्या.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. एमआयडीसीत आमचं छोटं युनिट होतं. पाण्याच्या मोटारींचे कंट्रोल बॉक्स बनवायचो. बॉक्समधल्या चिपवर एक छोटा प्रोग्रॅम असायचा, ड्रायव्हर. मोटारीला 'चालू हो', 'बंद हो' सांगणारा.

तो मी लिहायचो. पहिली नोकरी.

माझा प्रत्येक बदल तपासायच्या वनिता मॅडम. रजिस्टरमध्ये त्यांची सही झाल्याशिवाय चिप बाहेर जायची नाही.

मॅडम इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याच्या, डिप्लोमा झालेल्या. मी शहरातला, डिग्रीवाला. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यात होता. लिहायला लाज वाटते, पण होता.

त्या प्रिंटआउट टेबलावर पसरायच्या. बदललेल्या ओळीखाली पट्टी ठेवायच्या आणि विचारायच्या,

"ही ओळ चालते तेव्हा माणूस कुठं असतो?"

प्रत्येक ओळीला हाच प्रश्न.

आम्ही मागून त्यांना 'जनगणना' म्हणायचो.

एकदा इंदापूर तालुक्यातल्या एका पाणी सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. 'लाईट गेल्यावर ऑपरेटर फुटबॉलवर असतो. लाईट आल्यावर मोटार चालू करण्यास जागेवर कोणी नसते. तरी मोटार आपोआप चालू व्हावी.'

ऑफिसभर हशा. "मॅच कुणाबरोबर हाय म्हणं?"

मी अकरा ओळी लिहिल्या. लाईट आली की पाच सेकंदांत मोटार चालू. मोटारीच्या जागी बल्ब लावून टेस्ट केलं. झकास चाललं. साहेब म्हणाले, उद्याच्या इंदापूर एसटीनं चिप पाठवून दे.

मॅडमची पट्टी सातव्या ओळीवर थांबली.

"माणूस कुठं हाय?"

"ग्राउंडवर, मॅडम. फुटबॉल खेळतोय."

सगळे हसले. मॅडमनी पत्र मागवलं. दोनदा वाचलं.

"तुझ्या घरी विहीर हाय का रे?"

"नाही. नळ आहे."

"आमच्याकडं फूटव्हॉल्व्हला फुटबॉल म्हणत्यात. विहिरीत, पाइपाच्या खालच्या टोकाला असतो. त्याच्या जाळीत गवत अडकतं, ते हातानं काढावं लागतं."

मग ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा माणूस विहिरीत हाय. आन् तू वरनं मोटार चालू करतोयस."



साहेब वैतागले. ऑर्डर जाईल म्हणाले. "वनिताबाई, सही करा. पुढचं पुढं बघू."

मॅडमनी रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. "तुमी करा की साहेब. पेन देऊ?"

साहेबांनी केली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं त्या विहिरीवर गेलो. ऑपरेटर ज्ञानू तात्या, साठीचे.

"तात्या, लाईट गेली की काय करता?"

"उतरतो की खाली. मोटार चालू असताना जाळीला हात लावता येतोय व्हय? आत ओढती. लाईट गेली म्हंजी मला कामाला येळ गावला."

"हात कुठं असत्यात?"

"दोन्ही जाळीत. ह्या दिसांत गवात लय येतंय." मग माझ्याकडे बघून, "ह्या साहेबांना पाणी द्या कुणीतरी. तोंड उतरलंय त्यांचं."

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो.

परत येऊन मी अकराही ओळी काढल्या. आता लाईट आली तरी मोटार गप्प. वरचं हिरवं बटण हातानं दाबलं तरच चालू. मॅडमनी बटणावर कुलपाचं झाकण बसवून घेतलं. किल्ली खाली उतरणाऱ्याकडेच राहायला हवी, म्हणून त्यांनी विहिरीवरच तात्यांना विचारून ठेवलं होतं, "उतरताना खिसा असतो का?"

"लंगोटीला खिसा शिवत न्हाईत, बाई."

किल्ली तात्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधली गेली.

आठवण मी सजवत तर नाही ना, म्हणून आज त्या वर्षीची डायरी काढली. त्या दिवशी लिहिलंय, 'मॅडममुळे अकरा ओळी वाया. साहेब नाराज.' एवढंच. तात्यांचं नावही नाही. मी मॅडमचे आभार मानल्याचं कुठंच नाही. बहुतेक मानले नसावेत.

आता पन्नाशीकडे झुकलेला मी इतरांचा कोड रिव्ह्यू करतो. मॅडमचा प्रश्न विचारतो. तरी त्यांना कागदात जसा माणूस दिसायचा तसा मला दिसत नाही. वाटायचं, त्यांना विहीर माहीत होती म्हणून दिसला. पण विहीर तर पत्र लिहिणाऱ्या सेक्रेटरींनाही माहीत होती.

मला अजून कळलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी मॅडमचा फोन आला होता. "जय भीम. तात्या गेले रे. घरीच, झोपेत. लय म्हातारे झाले होते."

 

"बरं झालं ना रे, तवा सही केली न्हाई ते," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

वनिता मॅडम, अखेरचा जय भीम.