अधांतरी गावाचा शेवट

आमच्या गल्लीच्या तोंडाला मंडळाचा काळा फलक हाय, माझ्या पिठाच्या गिरणीसमोरच. त्यावर रवळू दर रविवारी खडूनं चित्रांची गोष्ट काढतोय. आठवडाभर दुकानांच्या पाट्या कन्नडात रंगवायच्या, पोट त्यावरच. रविवारी फलक मात्र मराठी. पुढच्या रविवारी तेच चित्र पुसून पुढचं काढायचं. "अरे, कागदावर तरी काढून ठेव," म्हटलं तर म्हणतोय, "जयाक्का, गल्लीनं बघितलं की बास!" असला येडा माणूस.

गोष्ट एका गावाची. दोन डोंगरांच्या मधी दोरांवर लोंबकळणारं गाव. एका डोंगरावर गेंडा राजा, दुसऱ्यावर रेडा राजा. गावाची बोली रेड्याची, दोर गेंड्याच्या हातात. रेडा निवडणूक आली की "माझं गाव, माझं गाव" करून हंबरडा फोडायचा आणि निवडून आला की रवंथ करत बसायचा. निवाड्याला एक घुबड. ते डोळा उघडायचं, पुढची तारीख सांगायचं, परत झोपायचं. लोक दळण विसरून हसत उभे राहायचे.

सगळ्यात जास्त हसायचे मारुतीराव अण्णा. आमचा भाग मराठी राज्यात जावा म्हणून झालेल्या सीमेच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला, तुरुंगात गेलेला माणूस. औंदा त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. रवळू बघायला गेला तवा अण्णा म्हणाले, "माझ्या निधनाची बातमी त्याच फलकावर लिवशील न्हवं? तेच्या आधी गोष्टीचा शेवट दाव. गाव कुणीकडं जातंय ते बघून जातो."

दोन रविवार रवळूनं फलक कोराच ठेवला. तिसऱ्याला पहाटेच आला आणि असं चित्र काढलं म्हणता! घुबड टक्क जागं. गेंड्यानं दोर सोडलाय, गाव रेड्याच्या डोंगरावर टेकलंय, बायका ओवाळताहेत. माझ्या अंगावर काटाच आला. अण्णांच्या सुनेनं, दिपालीनं, त्यांना खुर्चीतनं आणलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत उभे.

अण्णांनी बघितलं. लई वेळ बघितलं. मग म्हणाले, "पूस."

रवळूचा चेहरा उतरला. "अण्णा, तुमच्यासाठीच..."

"म्हणूनच पूस. असं झालंय काय कुठं?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू! "राहू दे की अण्णा! आयुष्य घातलासा, चित्रात तरी बघा की सुखानं!"

"जया, हे बघून उद्या पोरं म्हणतील, मिटलं. मग भांडायचं कुणी?"

रवळूनं ओल्या फडक्यानं पुसलं. "मग शेवट काय काढू?"

"हाय ते काढ."

रवळूनं काढलं. गाव दोरांवरच. दोन्ही राजे पाठ करून बसलेले. घुबड झोपलेलं. गावात कोण भात लावतंय, कोण पोराला शाळेला सोडतंय. खाली "समाप्त" लिवायला गेला, आणि खडू खिशात टाकला, लिवलंच न्हाय.

"आता खरं हाय," अण्णा म्हणाले. आणि इतका कडक माणूस, बारक्या पोरागत हमसून हमसून रडायला लागला. रवळूचा हात धरून म्हणाला, "मघाचं लई चांगलं हुतं रं. मला तेच बघायचं हुतं."