डिस्का बदलल्या तो रविवार

आमचे हे मुंबईला गिरणीत होते. गिरणी बंद पडली नि छातीचं दुखणं घेऊन घरी आले. उठून बसायचे, तेवढंच. मग मी मिरजोळ्याला एका कारखान्यात झाडलोटीला लागले. चूल पेटायची ती त्याच्यावर. रडून काय होतं? सकाळी भाकऱ्या थापायच्या नि चालायला लागायचं.

माझ्याकडे कम्प्युटरची खोली होती. आत थंडगार. चपला बाहेर, पाणी लावायचं नाय, कोरडंच पुसायचं. कपाटांएवढं मशीन, नि बाजूला डिस्का, म्हंजे कारखान्याचं सगळं काम साठवायच्या पेट्या. त्या जुन्या झालेल्या, सारख्या अडायच्या. मुंबईच्या मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं, नव्या डिस्का पाठवतो, रविवारी बदला. सोमवारी काम सुरू झालं नाय तर मशीन मुंबईला आणू. खोली गेली की माझं कामही गेलं. आमच्या सेक्शनच्या साहेबांनी तसं मला तोंडावर सांगितलं. सांगितलं ते बरं केलं.

रविवारी मुंबईहून इंजिनेर आला. त्या खोलीची फरशी चौकोनाचौकोनांची, खाली हातभर पोकळ, त्यातून वायरी गेलेल्या. त्यानं दोन-चार चौकोन उचलून नव्या वायरी ओढल्या. मी विचारलं, "साहेब, ह्यातलं त्यात न्यायचं म्हंजे काय हो?"

"मावशी, मशीन एकच, पण आत चार बिऱ्हाडं राहतात. पगाराचं एक, मालाचं एक, अशी. प्रत्येकाला वाटतं, अख्खं मशीन आपलंच."

"म्हंजे चाळच की."

"चाळच! ती बिऱ्हाडं नव्या घरी न्यायची, एक भांडं न हरवता."

दुपारपर्यंत सगळं नव्या डिस्कांवर उतरलं. आता जुन्या सोडून मशीन नव्यावर उठवायचं, एवढ्यात आमचे हेडक्लार्क नारळ नि दगड घेऊन आत आले. ते त्यांच्या गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

"थांबा! गाऱ्हाणा घातल्याशिवाय चालू करायचा नाय."

"बाहेर घाला ना," इंजिनेर म्हणाला.

"ज्याच्यासाठी मागायचा ते समोर नको? वा!"

आमचे साहेब नि सेक्शनची माणसं तिथंच उभी होती; साहेबांनी 'होऊ दे' म्हणून मान हलवली. हेडक्लार्कांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! चार बिऱ्हाडां नव्या घरात चाललीत, कुणाचा वाकडा होऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. शेजारच्यानं कोपर मारल्यावर इंजिनेरही पुटपुटला.

मग नारळ फोडला. गावाला नारळ फुटला की पाणी जमिनीला द्यायचं, हाताला तेच वळण. त्यांनी दिलं. जमीन कुठं होती तिथं? उघडा चौकोन होता. सगळं पाणी वायरींत.

"मेन बंद करा!" इंजिनेर ओरडला. त्याचं तोंड पांढरं पडलं. बघत उभं राहून काय? लुगड्याची जुनी फडकी माझ्याकडे असायचीच. गुडघ्यांवर ओणवी झाले, डोकं त्या भोकात घातलं नि टिपायला लागले. एकेक वायर उचलायची, पुसायची. चिकट राहू नये म्हणून इंजिनेरानं स्पिरिट दिलं. तो बॅटरी धरून माझ्या बाजूला आडवाच पडला.

"मावशे, माझ्या हातान काय झाला हा!" हेडक्लार्क वरून वाकले.

"भाऊ, सरा बाजूला. उजेड अडतो."

मग पंखे लावले. मी डबा सोडला नि तसाच परत बांधला. घरी जाऊन ह्यांना काय सांगू, तेवढंच मनात.

वायरी खडखडीत सुकल्या तशी इंजिनेरानं मशीन चालू केलं. उठेना. हेडक्लार्क मटकन खाली बसले. इंजिनेर पडद्याकडे बघत राहिला, नि एकदम हसला.

"पाण्याचं काही नाही. मशीन अजून जुन्याच डिस्का शोधतंय. घर बदललं, पण एका ठिकाणी पत्ता बदलायचा राहिला."

"म्हंजे माझ्या नारळाचा दोष नाय?"

"नाही हो. ही चूक माझी."

"मग होय म्हाराजा मोठ्यान म्हणायचात!"

सगळी खोली हसली. मीसुद्धा. त्यानं पत्ता बदलला, परत चालू केलं. दिवे लागले. "पगाराचं आलं," तो म्हणाला. थोड्या वेळानं मालाचं आलं. मग राहिलेली दोन. साहेबांनी मुंबईला फोन लावला, नि ठेवल्यावर माझ्याकडे वळले.

"मशीन इथंच राहतंय, मावशी. उद्या नेहमीच्या वेळेला या."

मी तोवर धड उभी होते. एसटीच्या थांब्यावर बसले, तेव्हा कळलं, गुडघे सोलून निघालेत.

घरी ह्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काम टिकलं," म्हटलं.

आजारी पडल्यापासून हे वाढलं तेवढंही संपवत नसत. त्या दिवशी भात मागून घेतला.