उजवीकडे वळायची परीक्षा

अकोल्याच्या मुलीनं जहाजावर अधिकारी व्हायचं ठरवलं की लोक समुद्राबद्दल विचारत नाहीत, मोर्णा नदीबद्दल विचारतात. "मोर्णेत चालवशील का वं जहाज?" आमच्या मोर्णेत जलपर्णी इतकी की म्हैस उतरली तर तिची शिंगंच तेवढी दिसतात. मी हसून सोडून देत असे असं लिहायला आवडलं असतं, पण मी सोडून देणाऱ्यांतली नाही. एका लग्नाच्या पंगतीत नात्यातल्या एका काकांना मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "जहाज चालवीन तवा तुमाले नाही बसवणार." आईनं पानाखालून मला चिमटा काढला होता.

बाबांचं अकोल्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, मागच्या काचेवर लाल अक्षरात 'शिकाऊ', आणि डाव्या सीटवर बाबा. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक. शिकणारा चुकला की ते आधी ओरडतात आणि मग तो ब्रेक दाबतात. "डावीकडे घे! डावीकडे!" लहानपणापासून मी घरात आरतीपेक्षा हे जास्त वेळा ऐकलंय. त्यांचे विद्यार्थी सायकलवर असले तरी डावीकडे दबून चालतात, आणि मी तर त्यांची मुलगी.

त्यानंच माझा घात केला.

सेकंड मेटचं प्रमाणपत्र म्हणजे जहाजावर अधिकारी होण्याची पहिली पायरी. आधी शिकाऊ म्हणून समुद्रावर ठरलेला काळ काढायचा, मग लेखी पेपर, मग तोंडी. प्रत्येकाची फी वेगळी, आधीच भरायची, आणि नापास झालात की ती गेली. लेखीच्या निकालालाही मुदत असते. तेवढ्यात तोंडी पास झालो नाही तर लेखीसुद्धा पुन्हा. बाबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या आरटीओत बी फी पुन्हा भराच लागते. यात नवीन काय हाय?"

तोंडी परीक्षेला टेबलावर छोटी लाकडी जहाजं असतात. परीक्षक ती मांडतो, परिस्थिती सांगतो आणि तुमच्याकडे बघत बसतो. समोरासमोर दोन जहाजं येत असतील तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, हा समुद्रावरचा अगदी पहिल्या धड्यातला नियम. मला तो झोपेतही पाठ होता. पण परीक्षकांनी माझ्या जहाजाच्या अगदी नाकासमोर एक जहाज एकदम सरकवलं आणि म्हणाले, "अंधार आहे, समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिवे दिसताहेत, कॅप्टन झोपलेत, अंतर झपाट्यानं कमी होतंय. बोला!" माझ्या तोंडून निघालं, "डावीकडे." हातानं ते लाकडी जहाज डावीकडे फिरवलंही होतं. परीक्षकांनी ते शांतपणे उचलून बाजूला ठेवलं. म्हणाले, "दोन्ही जहाजं बुडाली. धन्यवाद."

घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग गाडीची किल्ली खुंटीला टांगली. म्हणाले, "तुह्या हातात मीच डावं भरलं. मीच काढतो."

त्यांनी घराचा कायदा केला. दाराबाहेर चपला घातल्या की डावीकडे, आत चपला काढल्या की उजवीकडे. बोळीत, स्वयंपाकघराच्या दारात, न्हाणीच्या वाटेवर कोणीही समोरासमोर आलं की दोघांनी उजवीकडे सरकायचं, तेही विचार न करता. आईला हे कधी जमलं नाही. ती चहाचे कप घेऊन सरळ यायची आणि आमच्यापैकी एकावर आदळायची. "बाप-लेकीनं घराचं बंदर करून टाकलं बाप्पा," असं म्हणून ती फरशी पुसायची. बाबा मात्र मुद्दाम आडवे येत. मी फोनवर बोलत असले, केस पुसत असले, रडत असले तरी ते कोपऱ्यातून अचानक समोर यायचे. काही दिवसांनी माझं शरीर आपसूक उजवीकडे जायला लागलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी क्लासच्या पोरांना पेढे वाटले. पेढे कशाचे, ते काही सांगितलं नाही.

दुसऱ्या तोंडीची तारीख आली. लेखीची मुदत त्याच सुमारास संपत होती. कंपनीनं माझ्यासाठी थर्ड ऑफिसरची, म्हणजे ह्या प्रमाणपत्रावर मिळणारी पहिली जागा धरून ठेवली होती, पण ह्या खेपेपुरतीच. नापास झाले तर जागा दुसऱ्याला, पेपर पुन्हा, आणि परीक्षकांच्या मनात आलं तर वर आणखी समुद्रावरचा काळ. मला भूक लागेना. मी सगळ्यांवर खेकसत होते, गॅसच्या शेगडीवरसुद्धा.

मुंबईला निघण्याच्या आदल्या दिवशी आईनं अमरावतीला अंबादेवीची ओटी भरायचा हट्ट धरला. आम्ही तिघं शिकाऊ गाडीतूनच गेलो. परतताना दर्यापूरला मावशीकडे जेवलो. तिथून अकोल्याचा रस्ता निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "तू चालव. डोकं जरा मोकळं होईल." ते डाव्या सीटवर बसले. आई मागे, मांडीवर प्रसादाची पिशवी.

दुपार होती. दोन्हीकडे हरभरा, काळी माती, आणि डांबराची एकच पट्टी. समोरून कापसाचा ट्रक आला. कापूस दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला, रस्त्याला जागाच उरली नव्हती. अशा वेळी काय करायचं हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक आहे: डावी चाकं साइडपट्टीवर उतरवायची आणि जाऊ द्यायचं. मी हे आयुष्यभर केलंय.

मी उजवीकडे वळले.

डोक्यात काही विचार आला असंही नाही. समोरासमोर, आणि उजवीकडे, बस. ट्रकवाला त्याच्या डावीकडे उतरत होता आणि मी बरोबर त्याच्या तोंडाशी. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी ब्रेकवर सगळं अंग टाकलं आणि एका हातानं माझ्या हातातलं स्टिअरिंग ओढलं. गाडी फिरून आडवी उभी राहिली. ट्रकचा बंपर माझ्या दाराला लागून थांबला. काचेच्या पलीकडे मला नुसता कापूस दिसत होता.

ट्रकवाला खाली उतरला. "अमेरिकेतून आली काय वं?" तो ओरडला, आणि मग मागच्या काचेवरचं 'शिकाऊ' वाचून बाबांकडे वळला. "अन् तुमी शिकवता? तुमी?" बाबांनी हात जोडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रस्त्यावर कुणाला हात जोडताना पाहिलं नव्हतं. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, तो आला नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

मागून आई म्हणाली, "परीक्षा गेली खड्ड्यात." मग ती रडायला लागली.

पुढे गाडी बाबांनी चालवली. संध्याकाळी घरात मी बॅग भरायला चालले होते आणि बोळीत बाबा समोरून आले. आम्ही दोघंही थांबलो. ते उजवीकडे सरकले नाहीत, डावीकडेही नाही. भिंतीला पाठ टेकून उभे राहिले आणि मला आधी जाऊ दिलं. तेव्हा मला कळलं की हा माणूस आतून किती घाबरलाय. त्यांनी मला जे शिकवलं त्यानंच आम्ही तिघं मरणार होतो, आणि ते शिकवल्याशिवाय माझं भागणारही नव्हतं. मी आत जाऊन बॅगेची चेन लावत बसले.

मुंबईत तेच ऑफिस, तेच टेबल, आणि तेच परीक्षक. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "मागच्या वेळच्या, डावीकडे वळणाऱ्या, त्या तुम्हीच ना?"

"हो सर."

त्यांनी दिवे विचारले, धुक्यातले भोंगे विचारले, आग विचारली, गळती विचारली. मी उत्तरं देत गेले. मग त्यांनी बोलता बोलता एक तेलवाहू जहाज माझ्या जहाजासमोर सरकवलं. "अगदी समोरासमोर. बोला."

मी जहाजावर हात ठेवला आणि हात हलेना. उजवीकडे म्हटलं की मला काचेला चिकटलेला कापूस दिसत होता, आईची पिशवी दिसत होती. नियम तोंडात होता, मनगट मात्र दगड झालं होतं. परीक्षकांनी टेबलावर बोट आपटलं. "अंतर कमी होतंय."

मी त्यांच्या जहाजाकडे बघितलं. आणि त्या क्षणी मला एक साधी गोष्ट सुचली, जी दर्यापूरच्या रस्त्यावर सुचायला हवी होती: ट्रकवाला माझ्या नियमातला नव्हता, हा आहे. ह्या जहाजावरच्या माणसालाही कुणीतरी हेच शिकवलंय. मी वळेन तेव्हा तोही वळणार आहे. उजवं चांगलं नाही आणि डावंही चांगलं नाही. दोघांनी एकच करणं चांगलं.

"एक आखूड भोंगा, आणि उजवीकडे, सर. आत्ताच, आणि त्याला लांबून दिसेल एवढं ठळक." मी जहाज फिरवलं.

"आणि तो नाही वळला तर?"

"पाच आखूड भोंगे, धोक्याचे. आणखी उजवीकडे. वेग कमी, लागलं तर इंजिन उलटं. डावीकडे नाही."

"एवढा वेळ का लागला?"

मी खरं तेच सांगितलं. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल, घरातला कायदा, दर्यापूरचा रस्ता. आता गेलं सगळं, असं मनात म्हणत सांगितलं. ते हसले नाहीत. ती दोन लाकडी जहाजं उचलून बाजूला ठेवत म्हणाले, "जहाजावरून सुट्टीवर गेलात की पहिले काही दिवस गाडी चालवायची नाही. मीही नाही चालवत." मग त्यांनी कागद ओढला आणि सही केली. "पास."

जिन्यात उभं राहून मी बाबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे गाडी कुठंतरी कडेला लावून ते हातात फोन घेऊनच बसले असणार.

"बाबा, झाले पास."

त्यांनी शाब्बास म्हटलं नाही. फी, जागा, मुदत, काहीच विचारलं नाही.

"समोरासमोरचं इचारलं का?"

"हो. तेलाचं जहाज होतं समोर."

"मग?"

"उजवीकडे वळले, बाबा."

पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"दोनी जहाजं वाचली ना?" त्यांनी विचारलं.

"वाचली, बाबा. दोनी वाचली."

पलीकडे बाबा मोठ्यानं रडायला लागले, आणि मी जिन्यातच खाली बसले.