आम्हा रुसलेल्या जावयांच्या सासूबाई

लीलाताई साबळे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्या माझ्या दारात टोपी आणि उपरणं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे कंपनीच्या बसचे ड्रायव्हर दत्तोबा गुडघा धरून जिना चढत होते आणि प्रत्येक पायरीला एक शिवी गिळत होते. दार माझ्या पत्नीने, सुरेखाने उघडलं. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. बाहेरून खणखणीत आवाज आला.

"रुसलेले जावई इथंच राहतात का?"

मला वाटलं, घर चुकलं. संत तुकाराम नगरात लग्नसराई होती. असेल कुणाचा तरी जावई रुसलेला. पण सुरेखा शांतपणे म्हणाली, "इथंच. आत आहेत. बरेच दिवस रुसलेत."

लीलाताईंच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी त्यांच्या कार्याबद्दल रीतसर लिहितील. मला मात्र त्या टोपीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण माझं दुसरं आयुष्य त्या टोपीपासून सुरू झालं आहे.

मी चाकणच्या एका कारखान्यात, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपला होतो आणि कामगार संघटनेचा वक्ता होतो. टेम्पोच्या हौद्यात उभं राहून बोलायला लागलो की माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. वाचायचो भरपूर, बोलायचो त्याहून जास्त. मग कमरेतली शीर दबली. ऑपरेशन झालं, पण दुखणं राहिलं. कमरेपासून टाचेपर्यंत कुणीतरी पेटती वात ओढून ठेवावी, तसं. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "हे कमीजास्त होत राहील. पूर्ण जाईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

कंपनीने लाइट ड्यूटी दिली, म्हणजे बसून पार्ट तपासायचे. आणि आमच्या या पट्ट्यात लाइट ड्यूटी मिळाली की एक पदवी आपोआप मिळते: कंपनीचा जावई. "जावईबापू, पंखा लावू का?" "जावयाला आधी वाढा रे!" सगळे हसून म्हणतात. त्यात दुष्टावा नसतो, हे मान्य. पण ते हसू माणसाच्या मागे घरापर्यंत येतं. मी सभा सोडल्या, मग मित्र, मग दिवसपाळीहून आल्यावर समोरच्या खोलीत बसणंसुद्धा सोडलं. उभं राहून बोलता येत नाही, तर बोलायचंच नाही, असं ठरवून टाकलं. लोकांना वाटत होतं की माझी पाठ गेली. खरं म्हणजे माझा आवाज जायला निघाला होता.

सुरेखाची आणि लीलाताईंची ओळख डांगे चौकातल्या बाजारात, भाजीच्या पिशवीवरून झाली होती. दोघींनाही पिशवी उचलवत नव्हती. एकीची मान धरली होती, दुसरीचं मन भरून आलं होतं. तिथे सुरेखाने सगळं सांगितलं आणि पुढच्या रविवारी ही वरात आमच्या दारात आली.

लीलाताई आत आल्या. "कसं आहे, बरं आहे का," असं काही त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "वहिनी, सतरंजी असंल तर द्या. लई वेळ उभं राहायला जमत नाही मला." आणि माझ्या पलंगाशेजारी जमिनीवर सरळ आडव्या झाल्या! दत्तोबांनी एका खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय पसरला. उभी असलेली एकटी सुरेखा, तीही चहाला गेली.

"जावईबापू," छताकडे बघत लीलाताई म्हणाल्या, "असं भिंतीकडं तोंड करून कामून पडलाव? भिंत काय बोलती का?"

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी तुमची सासू."

"व्हय राव," दत्तोबा म्हणाले, "समद्यांची सासू हायेत ह्या. आमाला बी अशाच घेऊन गेल्या. न्हाई म्हणायची सोय न्हाई."

"येत्या रविवारी थेरगावला या," लीलाताई म्हणाल्या. "टोपी ठेवून चालले. आला नाहीत तर मी परत येईन. आणि जिना चढला की माझी मान चार दिवस धरती, ते पाप तुमच्या डोक्यावर."

मी गेलो. पाप नको म्हणून गेलो, असं सगळ्यांना सांगत होतो. खरं तर कित्येक महिन्यांत कुणीतरी माझ्याशी माझ्याच उंचीवरून, म्हणजे आडवं पडून, बोललं होतं.

लीलाताई मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. लग्न होऊन थेरगावला आल्या आणि चाकणच्या एका कारखान्यात गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधायच्या कामाला लागल्या. मान खाली, हात पुढे, बोटं सारखी चालू. वर्षं गेली आणि मान, खांदे, मनगटं यांनी एकत्र संप पुकारला. तपासण्या झाल्या. रिपोर्ट नॉर्मल! मित्रहो, या दोन शब्दांइतकं एकटं पाडणारं दुसरं काही मी ऐकलेलं नाही. कागद म्हणतो काही नाही, अंग म्हणतं सगळं आहे, आणि जग कागदाचं ऐकतं. मशीनमधून वेगळा आवाज आला की लाइन थांबते, मेंटेनन्सची माणसं धावत येतात. माणूस कण्हला की शेजारचा म्हणतो, नाटकं करतोय. ज्या व्यवस्थेला बेअरिंगचं दुखणं कळतं आणि बाईच्या खांद्याचं कळत नाही, तिला मी आयुष्यभर शिव्या देत आलो आणि यापुढेही देणार आहे.

लीलाताईंनी मात्र शिव्यांपेक्षा वेगळी वाट काढली. त्यांनाही बसून करायचं काम मिळालं आणि कॅन्टीनमध्ये संजय नावाचे त्यांचे एक सहकारी ओरडले, "आल्या बघा कंपनीच्या जावईबाई!" हा प्रसंग मी संजयरावांच्याच तोंडून ऐकला आहे. लीलाताई ताट घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जावई म्हणलास ना? मग मान दे. ऊठ, पाणी आण. आमच्याकडं जावई स्वतः उठून पाणी घेत नसतो." सगळं कॅन्टीन हसलं. संजयरावांचाही नाइलाज झाला, त्यांनी पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी न सांगता आणलं. पुढे त्यांचाच खांदा आखडला, तेव्हा ते कुणाकडे गेले असतील, हे सांगायला नको.

त्या एका शब्दातून जावई कट्टा उभा राहिला. ज्या शब्दाने लोक हिणवत होते, तोच शब्द लीलाताईंनी उचलला, झटकला आणि डोक्यावर घातला. थेरगावच्या बुद्धविहाराच्या समितीने रविवार सकाळसाठी हॉल दिला. तिथे बायकाही जावई आणि पुरुषही जावई. कुणाची पाठ, कुणाचे गुडघे, कुणाची अर्धशिशी, कुणाची सांधेदुखी. बसा, उभे राहा, आडवे व्हा, मध्येच येरझारा घाला, कुणी काही म्हणत नाही.

कट्ट्याचे कायदे लीलाताईंचे. पहिला कायदा म्हणजे उपाय सांगायचा नाही. "आमच्या गावाकडे एक वैद्य आहेत," असं वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. दत्तोबांनी आयुष्यात घरी कप विसळला नव्हता, इथे ते त्यात पारंगत झाले. "माझं तुमच्यापेक्षा जास्त दुखतं," हेही बंद. आणि सगळ्यांत मोठा कायदा असा की जो आला नाही, तो आळशी नाही, तो रुसलेला आहे. लग्नात जावई रुसला तर वऱ्हाड त्याला दोष देत बसतं का? चार माणसं उठतात आणि मनधरणीला जातात. तसंच इथे. दोघांनी टोपी-उपरणं घेऊन त्याच्या घरी जायचं. चल म्हणून ओढायचं नाही. नुसतं बसायचं. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर चहा पिऊन यायचं. पण जायचंच!

डॉक्टरांवर लीलाताईंचा विश्वास आहे. गोळी चुकवणाऱ्याला त्या फैलावर घेतात. पण दवाखान्यात कुणाला एकटं जाऊ देत नाहीत. एकटा माणूस डॉक्टरांपुढे "जरासं दुखतंय" म्हणून मोकळा होतो. कट्ट्यावर त्या आधी तालीम घेतात. "दुखतंय म्हणू नका. ठणकतंय का? सणक जाती का? आग होती का, का मुंग्या येत्यात?" आमच्या डॉक्टरांनी एकदा हसून विचारलं होतं, "तुम्ही सगळे कुठल्या शाळेतून येता?"

आता तो दिवस, ज्यासाठी मी ही लेखणी हातात घेतली. आमच्या कारखान्यात बातमी फुटली की लाइट ड्यूटी बंद होणार. लाइनवर उभे राहा, नाहीतर घरी जा. कट्ट्यावरच्या कितीतरी घरांच्या चुली त्यावर अवलंबून होत्या. संघटनेने गेटसभा लावली आणि कार्यकर्ते मला बोलवायला आले. मी नाही म्हणालो. ते लीलाताईंकडे गेले आणि ताई माझ्याकडे आल्या.

"उभं राहता येत नाही मला," मी त्यांना सांगितलं.

"मग बसा."

"गेटसभेत बसून कुणी बोलतं का, ताई?"

"कोर्टात जज बसूनच बोलतोय. त्याचं कुणी ऐकत नाही का?"

मी वाचलेली सारी पुस्तकं बाजूला ठेवली आणि कार्यकर्त्यांना होकार कळवला.

शिफ्ट सुटली. बसगाड्या रांगेत उभ्या. टेम्पोच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एकीत मी, एकीत लीलाताई. मी माइक हातात घेतला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, जावईबापू बसले! आहेर आणा, आहेर!" हशा पिकला. कमरेतली वात पेटली. त्या क्षणी मी उतरलो असतो, तर पुन्हा कधीच चढलो नसतो, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे.

लीलाताईंनी माझ्या हातातला माइक घेतला.

"आहेर मागून," त्या म्हणाल्या. "आधी पंगत. जावई बसल्याबिगर पंगत बसत नसती. आता जावई बसलाय. मग तुम्ही कामून उभे? दिवसभर उभंच होता ना लाइनीवर? बसा की!"

आधी कट्ट्याची मंडळी बसली. मग वायरींच्या कारखान्यातून आलेल्या बायका. मग एक रांग, मग दुसरी, आणि बघता बघता अख्खी शिफ्ट त्या तापलेल्या रस्त्यावर मांडी घालून बसली! आहेर मागणारा गडीही बसला. मी सुरुवात केली, "बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो..." आणि माझा आवाज, जो मी भिंतीला देऊन टाकला होता, तो शेवटच्या बसपर्यंत गेला.

लाइट ड्यूटी राहिली. बोलणी लांबली, काही मागण्या मान्य झाल्या, काही अजून अडल्या आहेत; पण आमच्या कट्ट्यावरच्या एकालाही घरी जावं लागलं नाही. आणि त्या भाषणाने माझं दुखणं पळालं, असं कुणी समजू नये. पुढचे काही दिवस मला कूस बदलवत नव्हती. लीलाताई आल्या, सतरंजीवर पडल्या आणि म्हणाल्या, "दुखलं तर दुखलं. यावेळी कशासाठी दुखलं, ते तरी सांगता येतंय की."

त्यांच्या मायेची एक आठवण सुरेखाची आहे, ती तिने मला मुद्दाम लिहायला सांगितली. आमच्याकडे येणारा प्रत्येकजण तिला विचारायचा, "यांचं कसं आहे?" लीलाताई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमचं कसं हाय?" सुरेखा म्हणते, की त्या दिवशी ती चहात साखर घालायलाच विसरली आणि दोघींनी तो तसाच प्यायला.

अशा लीलाताईंचा सत्कार ठरवणं सोपं नव्हतं. ऐकताच त्यांनी हात झटकले. "शाल घालणार? माझ्या खांद्याला पदराचं वजन सोसत नाही काही दिवशी." मग ठरलं, की शाल नाही, हार नाही, आणि व्यासपीठावर खुर्चीशेजारी एक पलंग. तरी त्या हो म्हणाल्या नाहीत. आणि मग त्या कट्ट्यावरच यायच्या थांबल्या. दुखण्याने यावेळी जबर धरलं होतं.

कायदा म्हणजे कायदा. सासूबाई रुसल्या होत्या. गेल्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी निघालो आणि वाटेत वाद पेटला, की सासूच्या मनधरणीला न्यायचं काय? कुणी म्हणालं, खण-नारळ. दत्तोबा म्हणाले, "खण कशाला? त्या बी जावईच हायेत की!" टोपी-उपरणंच नेलं.

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी त्यांच्या सुनेकडे सतरंजी मागितली आणि जमिनीवर आडवा झालो. मग मी छताकडे बघत म्हणालो, "सासूबाई, भिंत काय बोलती का?"

त्यांचे खांदे हलले. आम्हाला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. कूस बदलायला त्यांना बराच वेळ लागला, आम्ही थांबलो. टोपी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "येते. पण जावईबापू, त्या पुस्तकात निरोगी दीर्घायुष्य असलं काही लिहू नका. निरोगी म्हणलं की मला वाटतं, कुणा दुसरीलाच म्हणायलेत."

म्हणून ताई, तो शब्द मी लिहीत नाही. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो. त्यात चांगले दिवस जास्त असोत. आणि ज्या दिवशी तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड कराल, त्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी तुमचा जिना चढत असो, शिव्या गिळत, टोपी हातात घेऊन.